मामांचा नकाशा

आमच्या प्रयोगशाळेत मामांना कोणीच पाहिलेलं नव्हतं. तरी मामांशिवाय तिथलं पान हलत नसे.

मामा म्हणजे एक वीर्यदाता. नाव-गाव गुप्त, तसा नियमच आहे. खालच्या मजल्यावर दवाखाना आहे, तिथे ते कधीतरी आले होते. तीन मुलांचे बाप, तब्येतीने ठणठणीत, आणि मनाने एवढे उदार की परत परत येत राहिले. त्यांचे शुक्रजंतू धुऊन, त्यांतली प्रथिनं विरघळवून आम्ही बोटभर नळ्यांमध्ये गोठवून ठेवली होती. फ्रीझरचा एक आख्खा कप्पा त्यांचा. सख्ख्या मामानेसुद्धा भाच्यांसाठी इतकं केलं नसतं, म्हणून कोणीतरी त्यांना मामा म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं.

इतक्या मोठ्या प्रयोगशाळेला एकच मामा कसे पुरले, असं कोणी विचारेल. त्याचं खरं कारण असं, की दुसरा दाता हवा तर कोणीतरी कोणातरी पुरुषाकडे जाऊन मागायला हवं. आमचे सर परिषदेत भरल्या सभागृहात शुक्रजंतूंवर तासभर बोलतात, आवाज जरासुद्धा हलत नाही. पण शेजारच्या खोलीतल्या लेकुरवाळ्या माणसाला ‘जरा नमुना देता का?’ असं विचारायचं म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मग म्हणायचे, "आहेत ना आपले मामा!" आणि सगळे सुटकेचा श्वास टाकायचे.

माझं काम जेली ओतण्याचं. मी तिथे आले ती काचसामान धुवायला. बघत बघत, विचारत विचारत हात बसला. दोन काचांच्या फटीत पातळ द्रावण ओतायचं, ते थिजलं की काचेएवढी पारदर्शक जेली तयार होते. मात्र तिच्यावर येण्याआधी प्रथिनांना एका अरुंद पट्टीवरून जावं लागतं. पट्टीत वीज सोडली की प्रत्येक प्रथिन आपापल्या विद्युतभाराप्रमाणे सरकतं, आणि जिथे त्याचा भार शून्य होतो तिथे थांबतं. समारंभात माणसं कशी इकडेतिकडे फिरून शेवटी आपल्या ओळखीच्या घोळक्यापाशी जाऊन उभी राहतात, तसंच. मग ती पट्टी जेलीच्या माथ्यावर आडवी ठेवायची आणि वीज वरून खाली सोडायची. आता निवड आकाराची. लहानगी सुळकन खाली जातात, आडदांड वरच अडकतात. शेवटी चांदीच्या द्रावणाने रंगवलं की फिकट पिवळ्या जेलीवर तपकिरी ठिपके उमटतात, शेकड्यांनी. हा झाला त्या माणसाच्या शुक्रजंतूंतल्या प्रथिनांचा नकाशा. रंगवताना मात्र नजर हलवायची नाही. दूध उतू जातं ना, तसा रंगही उतू जातो, आणि क्षणात सगळी जेली काळी.

मामांचा नकाशा आम्हाला तोंडपाठ होता. ठिपक्यांना नंबर होते, पण नंबर कोण लक्षात ठेवतो? मधोमध एक गलेलठ्ठ काळा डाग, तो जाडोबा. खाली उजवीकडे जुळे. आणि जाडोबाच्या डाव्या अंगाला, त्याच रांगेत, शेपटी असलेला एक नाजूक ठिपका. ती चिमणी.

चिमणीवर आमच्या भावजींचं सगळं भवितव्य टांगलेलं होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी तिथे रुळल्यावर दोनएक वर्षांनी ते संशोधक म्हणून आले. घरी माझ्या हातचं जेवायचे, प्रयोगशाळेत माझ्या हातची जेली वापरायचे, आणि दोन्हीकडे नावं ठेवायची सोय नव्हती. ज्यांच्या तपासण्या सगळ्या चांगल्या येतात, शुक्रजंतू भरपूर, पोहतातही झकास, तरी घरात पाळणा हलत नाही, अशा पुरुषांचा ते अभ्यास करत होते. त्यांचे नकाशे मामांच्या नकाशावर ठेवून बघायचे. आणि बघावं तर काय, एकाच्याही नकाशात चिमणी नव्हती!

सर तर हवेतच गेले. "सापडलं कारण! चिमणी नाही, म्हणून मूल नाही." परिषद जवळ आली होती. सरांनी भाषणाची तयारी सुरू केली, नवा कोट शिवायला टाकला.

आता वजनकाटेवालीबद्दल सांगायला हवं. आमच्या बोळाच्या टोकाला एक खोली आहे, तिथे एक भलं मोठं यंत्र आहे. जेलीतला ठिपका कापून द्यायचा, एका पाचक रसाने त्यातल्या प्रथिनाचे तुकडे करायचे, आणि ते यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन करतं. वजनांवरून प्रथिन कोणतं ते कळतं. ते यंत्र चालवणारी मुलगी म्हणजे आमची वजनकाटेवाली. हुशार, तिखट, आणि हसली की खोलीतला गुरगुरणारा पंपसुद्धा ऐकू येईनासा होतो. हे शेवटचं भावजींचं मत आहे, माझं नव्हे. चार नळ्या एका खेपेत नेता येत असताना भावजी चार खेपा करायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. घरी ह्यांना सांगितलं, "तुमच्या भावाचे पाय बळकट व्हायला लागलेत." हे म्हणाले, "व्यायाम करतो वाटतं." आमच्या ह्यांना सगळं उलगडून सांगावं लागतं.

आणि अचानक खेपा बंद झाल्या.

"वहिनी, तिकडे चाललाच आहात तर ह्या नळ्या देऊन याल?"

मी कुठेही चालले नव्हते. पण नेल्या. दुसऱ्या दिवशीही नेल्या. तिसऱ्या वेळी वजनकाटेवालीने नळ्या घेतल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, तुमच्या दिरांचे पाय मोडलेत का?"

"नाही गं, धडधाकट आहेत."

"मग डोकं आपटलंय कुठे?"

"ते तपासून सांगते," मी म्हटलं.

घरी ह्यांनी जेवताना सहज विषय काढला. "काय रे, तुझं लग्नाचं वय होऊन चाललं. कोणी असेल मनात तर सांग."

भावजी ताटातून डोकं वर न काढता म्हणाले, "मला लग्न करायचं नाही. विषय नको."

आमची थोरली पोरगी म्हणाली, "काका रडतोय." काका म्हणाला, "तिखट लागलं." भाजी मीच केली होती, त्यात नावालाही तिखट नव्हतं.

मग मी पाळतच ठेवली. फार ठेवावी लागली नाही. त्याच आठवड्यात जुन्या जेली आवरताना दोन प्लॅस्टिकच्या कागदांत जपून ठेवलेली एक जेली हाताला लागली. आमच्याकडे प्रत्येक जेलीच्या कोपऱ्यावर नमुन्याचा नंबर असतो. हिच्यावर नुसतीच एक फुली. मी ती उजेडाच्या पेटीवर ठेवली. जाडोबा जागेवर, जुळे जागेवर. चिमणीची जागा मोकळी.

मागे पाऊल वाजलं. भावजी दारात उभे होते, चेहरा जेलीसारखाच फिकट.

"ही कोणाची हो, बिननंबराची?" मी विचारलं.

"माझी," ते म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या माणसाने स्वतःचा नमुना चालवायचा नाही, असा नियम आहे. पण ते मी तेव्हा बोलले नाही. स्टूल पुढे सरकवलं. भावजी बसले आणि भडाभडा बोलायला लागले. तिला विचारावं असं मनात पक्कं झालं होतं. त्याआधी आपलं सगळं ठीक आहे ना, एकदा बघून घ्यावं, असं वाटलं. खालच्या दवाखान्यात साधी तपासणी केली, ती उत्तम आली. "पण माझ्या अभ्यासातल्या सगळ्यांचीच ती उत्तम येते ना, वहिनी! म्हणून जेली चालवली. एकदा नाही, तीनदा. चिमणी नाही. तिच्या घरी चार भावंडं, तिला घर भरलेलं आवडतं. मी कुठल्या तोंडाने विचारू?"

शहाणी माणसं अशी असतात बघा. दुसरा कोणी असता तर मित्राकडे गेला असता, निदान आरशाकडे तरी. आमच्या भावजींनी स्वतःला पट्टीवर ठेवलं, वीज लावली आणि निकाल लावून मोकळे झाले.

मला काही त्या क्षणी मोठी शास्त्रीय कल्पना सुचली नाही. मला एवढंच वाटलं, की एकाच आईची दोन लेकरं. एकाला चिमणी असेल तर दुसऱ्याला असणारच. जेलीतच काहीतरी चुकत असेल, आणि जेली माझी होती. "तुमच्या दादाचा नमुना चालवू," मी म्हटलं. "त्यांच्यात दिसली की तुमच्यातही कुठेतरी असणार. पुन्हा शोधू."

"दादाला काय सांगणार?"

"ते माझ्यावर सोडा."

रात्रीची भांडी आवरताना मी विषय काढला. हे टॉवेलने ताट पुसत होते, ताट हातातच राहिलं.

"माझा? कशाला?"

"शास्त्रासाठी."

"अगं, दोन पोरं शाळेत जातात माझी! तो पुरावा पुरत नाही का तुमच्या शास्त्राला?"

"पोरं जेलीवर चालवता येत नाहीत."

"आणि ती जेली ओतणार कोण? तूच ना? म्हणजे बायको नवऱ्याला काचेत घालून रंगवणार!"

"इतकी वर्षं नुसती डोळ्यांनीच पारखतेय," मी म्हटलं, "एकदा चांदी लावून बघू द्या की."

हे हसले आणि तयार झाले. कारण मी सांगितलं नाही, त्यांनी खोदलंही नाही. पण ताट ठेवताना हळूच म्हणाले, "धाकट्याचं काही असेल तर दोनदा देतो." ह्यांना सगळं उलगडून सांगावं लागतं, असं मी म्हणते खरी. कधी कधी नाही लागत.

हे रीतसर दवाखान्यात गेले, सही केली, नंबर घेतला. शुक्रजंतू धुतले गेले, प्रथिनं पट्टीवर चढली, पट्टीवरून जेलीवर उतरली. रंगवायला मी आणि भावजी दोघंच होतो. तबक हलत होतं, जेली पिवळी होत होती. आधी जाडोबा आला, तो नेहमीच आधी येतो, पंक्तीत पहिला बसणाऱ्यासारखा. मग जुळे. मग बाकीची गर्दी. मी चिमणीच्या जागेवर डोळे लावून बसले.

जागा मोकळी.

मी रंग थांबवायचं द्रावण ओतलं. आंबूस वास पसरला. भावजींनी माझ्याकडे बघितलं, मग जेलीकडे, मग जमिनीकडे. त्यांचे कान सरांच्या वरताण लाल झाले.

"वहिनी... म्हणजे... ह्याचा अर्थ..."

"बोला ना," मी म्हटलं. "चिमणी नाही म्हणून मूल नाही. आणि दादाला तर दोन आहेत. म्हणजे वहिनीने काय केलं म्हणता?"

"नाही नाही नाही! तसं नाही!"

"थोरली झोपेत दात खाते, तशीच तिच्या बापाची सवय. धाकट्याचं नाक बघा, मग दादाचं बघा, मग आरशात स्वतःचं बघा. त्या नाकावरची सही कोणीही ओळखेल!" आणि मला हसू आवरेना. त्यांना आधी हसावं की पाया पडावं ते कळेना, मग तेही हसायला लागले. हसता हसता एकदम थांबले. स्टुलावर बसले. डोक्याला हात लावला.

"वहिनी, दादाला नाही. मला नाही. त्या सगळ्यांना नाही. आहे कोणाला?"

"मामांना."

"फक्त मामांना," ते म्हणाले.

मामांशिवाय दुसरा एकही बाप आम्ही कधी तपासलाच नव्हता. लाजेपायी.

"पण मग चिमणी गेली कुठे?" भावजी उठून फेऱ्या मारायला लागले. "प्रथिन तर सगळ्यांत असणार. कोणाच्या तरी खाली दडलेलं असणार. सगळे मोठे ठिपके कापू या. मामांचे, दादाचे, आणि..."

"आणि फुलीवाल्याचे," मी म्हटलं.

तुकडे कापून नळ्या भरल्या. सवयीने त्यांनी बर्फाचा डबा माझ्यापुढे केला. मी हात मागे बांधले. "माझे पाय दुखतात," मी म्हटलं. मग त्यांच्याबरोबर गेले मात्र, कारण ते वाटेतून परत फिरतील अशी मला खात्री होती.

वजनकाटेवालीने दार उघडलं, भावजींना बघितलं आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. "ताई, ह्यांना सांगा, नमुने टेबलावर ठेवा. आणि ह्यांना विचारा, घाई आहे का?"

"आहे," भावजी म्हणाले.

"ताई, ह्यांना सांगा, सगळ्यांनाच असते."

पण तिने हातातलं काम बाजूला सारून आमचं घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच निरोप आला, लवकर या. आम्ही गेलो तर ती राग विसरून गेली होती, डोळे लकाकत होते. पडद्यावर काट्यांसारख्या उभ्या रेषा होत्या.

"हा दादांचा जाडोबा. ह्याच्यात एक नाही, दोन प्रथिनं आहेत. जाडोबाच्या मागे तुमची चिमणी बसलीये! फुलीवाल्यातही तसंच. आता मामांची चिमणी बघ." ती आता भावजींशी बोलत होती, तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. "प्रथिन तेच. पण पाचक रस प्रथिनाची साखळी ज्या कडीपाशी तोडतो, ती एक कडीच मामांच्यात वेगळी आहे. म्हणून इतरांच्यात दोन तुकडे पडतात, आणि मामांच्यात ते जोडलेलेच राहतात. त्या एका कडीने भार बदलला, आणि मामांची चिमणी डावीकडे सरकली. इतरांची आहे जागच्या जागी, जाडोबाच्या सावलीत. हरवलेलं कोणाचंच काही नाही. वेगळे आहेत ते मामा!"

भावजी पडद्यावरच्या रेषा बोटाने मोजायला लागले.

तेवढ्यात सर आत आले. निरोप त्यांनाही होता. तिने पुन्हा सगळं सांगितलं. सर पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भाषण गेलं, कोट गेला, आपली धडगत नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे आपण सगळ्या जगाला एका मामाच्या मापाने मोजत होतो," ते म्हणाले. "आणि मी हे परिषदेत सांगणार होतो! वाचवलंत रे मला." मग जरा वेळाने, खाकरून, "आता भरपूर बाप लागतील. प्रत्येकाला मी स्वतः विचारीन. सुरुवात... अं... मीही दोन मुलींचा बाप आहे." आणि कान लालबुंद असलेले आमचे सर ताठ मानेने जिना उतरून दवाखान्याकडे गेले.

आम्ही तिघं हसत होतो. मग वजनकाटेवालीने नळ्यांवर नजर टाकली. "दादांचा नंबर आहे, मामांचा आहे. ही फुली कोणाची?"

पंप गुरगुरत राहिला.

"माझी," भावजी म्हणाले.

तिने नळी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब जुळत गेलेला मला दिसला. नळ्या वहिनीकडून यायला लागल्या तो दिवस, त्याच्या आधीचे दिवस.

"म्हणून यायचा बंद झालास?"

"हो."

"आणि चिमणी खरंच नसती तर?"

"तर तुला कधी कळलंच नसतं."

"अस्सं. म्हणजे मला काय चालेल आणि काय नाही, ते तू एकट्यानेच ठरवलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस." आवाज चढला नव्हता, पण त्यापेक्षा चढलेला बरा होता. मी हळूच दाराकडे सरकले. "ताई, तुम्ही थांबा," ती म्हणाली. "मला साक्षीदार लागेल."

मी थांबले. न थांबून करते काय?

"चुकलं," भावजी म्हणाले. "आता विचारतो."

"आता काय, आता चिमणी सापडली. आता कोणीही विचारेल." तिने हाताची घडी घातली. "नसती तर जसं विचारायला हवं होतं, तसं विचार."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अशा वेळी वहिनीच्या हातात काही नसतं.

मग ते बोलायला लागले. "माझ्यात एक गोष्ट नाहीये. ती नसली की मुलं होत नाहीत, असं आमचे सर म्हणतात. मला हे तुझ्यापासून लपवायचं होतं. तू नाही म्हणशील, ही भीती होती. त्याहून जास्त भीती ही, की तू दया येऊन हो म्हणशील. घर भरलेलं नसेल कदाचित. दोघांचंच असेल. तरी विचारतो. राहशील माझ्याबरोबर?"



"दयाबिया माझ्याकडे मिळत नाही," ती म्हणाली. "इथे फक्त वजन होतं, तेही अचूक." मग तिची हाताची घडी सुटली. "दोघांचं घर मला लहान नाही पडणार. हो."

"चिमणी आहे म्हणून?" तो वेडा विचारतोच आहे!

"अरे गाढवा, तू विचारलंस त्यात चिमणी नाहीच ना! त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं मी!"

भावजी मटकन खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आधी नुसतीच, मग खांद्यावर हात ठेवून. मी बर्फाचा डबा उचलला, रिकामाच होता, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून पंपाचा आवाज येत होता. मग ती हसली, आणि खरंच सांगते, पंप ऐकू येईनासा झाला.